पाण्याचा नेम

कुणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही, हा नेम नीळकंठनंच काढला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं जे झालं त्याचं खापर रमाकांतच्या डोक्यावर फोडायला सगळे मोकळे. रमाकांत ट्रेझरीतला कारकून, सायकल फेरीचा म्होरक्या, आणि असा काटेकोर की पंक्चर काढतानाही घड्याळ बघायचा. त्याच्यावर संशय येणं साहजिक आहे. पण नेम नीळकंठ मास्तरांचा होता.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. बुलढाण्याला घाटाच्या तोंडाशी, गावाबाहेर, 'आरोग्यभुवन' नावाचा क्षयरोग्यांचा दवाखाना लोकांच्या वर्गणीवर चालायचा. चाळीस खाटा, एक डॉक्टर, दोन कंपाउंडर आणि भरपूर गार हवा. छातीचा फोटो काढायचं मशीन मात्र नव्हतं. कुणाचा फोटो काढायचा झाला की त्याला एसटीत बसवून अकोल्याला न्यायचं, आणि तो एसटीत खोकला की शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. तेव्हा चार मास्तर, पाच कारकून आणि दोन दुकानदार अशा अकरा जणांनी ठरवलं की सायकलींवर सगळा जिल्हा फिरायचा आणि गावोगाव मशीनसाठी वर्गणी मागायची. चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, नांदुरा, आणि शेवटी मोताळ्यावरून घाट चढून घरी. सहा दिवसांची फेरी.

बैठकीत नीळकंठ उठून म्हणाला, "मागं पुराच्या वेळी वर्गणी मागणारे गावोगाव जेवणं झोडत फिरले, असं लोक बोलले होते. आपल्याकडं बोट उठायला नको. कुणाच्या घरचा चहा नाही, जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. शाळेत भात शिजवू, विहिरीचं पाणी पिऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रमाकांत तर एवढा खूश झाला की त्यानं नेम वहीत लिहून खाली अकरा सह्या घेतल्या.

खरं कारण नीळकंठनं कुणाला सांगितलं नाही. या फेरीत गावोगाव रोग्यांची घरं लागणार, ती माणसं मायेनं लोटा पुढं करणार, आणि तो तोंडाला लावायची त्याची हिंमत नव्हती. घरी आठ महिन्यांची मुलगी होती. तिच्यासाठी जपावं लागतं, असं तो स्वतःला सांगायचा आणि ते त्याला पटायचंही.

आता त्याच्या घरचंच सांगायला हवं. त्याची थोरली बहीण कौशल्याबाई मोताळ्यापुढं पळसखेड्याला दिलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा नीळकंठला तिनंच वाढवलं होतं. तो शिकायला बुलढाण्यात राहिला तेव्हा दर पंधरा दिवसांनी ज्वारीचं पीठ एसटीच्या कंडक्टरजवळ देणारी तीच. तिचा नवरा उकंडराव सहा महिने आरोग्यभुवनात पडून होता. दर रविवारी नीळकंठ चार संत्री घेऊन त्याला भेटायला जायचा. खाट खिडकीशी होती, हवा खेळती राहावी म्हणून. उकंडराव संत्रं सोलायचा आणि अर्धं पुढं करायचा. "घे रे निळू, तूबी खाय."

"वाटेत खातो, भाऊजी," म्हणून नीळकंठ ते खिशात टाकायचा. मग दवाखान्यापासून जरा पुढं, रस्ता दरीच्या कडेनं वळतो तिथं, सायकल थांबवून अर्धं संत्रं दरीत भिरकावायचा आणि रुमालानं बोटं पुसायचा. बहिणीच्या घरीही या सहा महिन्यांत तो चारदा जाऊन आला होता. चारही वेळा तिनं पाणी आणलं आणि चारही वेळा तो म्हणाला, "आत्ताच पिऊन आलो वं." यात त्याला फार वाईट काही वाटत नव्हतं. आपण दर रविवारी भेटायला जातो, बाकीचे नातेवाईक तर तेही करत नाहीत, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

फेरी निघाली ती आरोग्यभुवनाच्या दारातूनच. डॉक्टरांनी नीळकंठला बाजूला घेतलं. "तुमच्या पाहुण्यांची थुंकी तिन्ही वेळा साफ आली. पुढच्या सोमवारी सुट्टी देतो. न्यायला या." व्हरांड्यात उकंडराव शाल पांघरून उभा होता, त्यानं हात हलवला. नीळकंठला घंटी वाजवत सगळ्या गावाला सांगत सुटावंसं वाटलं. बहिणीला एक कार्ड टाकलं असतं तर तिसऱ्या दिवशी तिला कळलं असतं. पण ही बातमी आपण आपल्या तोंडानं सांगावी, तिचा चेहरा आपण पाहावा, असा मोह त्याला झाला. फेरीच्या पाचव्या दिवशी पळसखेडा लागणारच होतं.

पाच दिवसांत त्याची पार रया गेली. भाषण करायचं काम त्याच्याकडं होतं. चोवीस गावांत तो शाळेच्या ओट्यावर उभा राहून बोलला होता. "बांधवांनो, रोग्याकडून तोंड फिरवू नका. थुंकी उघड्यावर पडू देऊ नका, पण त्याच्या भांड्याचा विटाळ धरू नका. त्याला आपला म्हणा." लोक डोळे पुसायचे, बायका पदरातल्या चार-आठ आण्यांच्या गाठी सोडायच्या. बोलून बोलून घसा असा बसला की शब्दांपेक्षा हवाच जास्त निघायची. रस्त्याच्या धुळीनं डोळे लाल झाले होते आणि दाढी वाढली होती.

पाचव्या दिवशी भरदुपारी मोताळ्यात दोन सायकली एकदम पंक्चर झाल्या. रमाकांत पंप घेऊन सरसावला. नीळकंठ म्हणाला, "मी पुढं होतो. बहिणीचं गाव आहे, लोक जमवून ठेवतो."

"नेम लक्षात आहे ना?" रमाकांतनं विचारलं.

"माझाच तर आहे," नीळकंठ म्हणाला आणि निघाला.

कौशल्याबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. सासू मनकर्णाबाई आत चुलीपाशी होती. दारात सायकल थांबलेली पाहून कौशल्याबाईचं सूप थांबलं.

"निळू? आज काऊन रे आला? आज त बुधवार."

"आलो असाच."

"मंग आत ये ना. भायेर काऊन उभा राह्यला?"

"नाही वं अक्का. आत नाही येत मी आज."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग उठून आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन पायरीपाशी आली. तिचा हात हलत होता. लोटा काठोकाठ भरलाय म्हणून हलतोय, असं त्याला वाटलं.

"पानी घे."

"पानी नाही चालत आज."

"काऊन?"

नेमाचं सांगत बसलो तर बराच वेळ जाईल, ते मागाहून सांगू, असं त्यानं ठरवलं. पाच दिवस जपलेली बातमी ओठांवर आली होती. त्याचे डोळे भरले. भरू दे, त्याला वाटलं, आनंदाचेच आहेत.

"अक्का," तो त्या बसलेल्या घशानं म्हणाला, "भाऊजी सुटले वं."

लोटा तिच्या हातातून पडला आणि पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेला. कौशल्याबाई ओरडली नाही. ती उभ्या उभ्या वाकली आणि तिनं दोन्ही हात पायरीच्या दगडावर आपटले. मग पुन्हा आपटले. हिरव्या काचा चहूकडं उडाल्या. एक तुकडा नीळकंठच्या चपलेवर येऊन पडला आणि तो त्या तुकड्याकडं बघत राहिला. आपण काय पाहतोय हेच त्याला कळेना. या घरात बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, एवढा मनकर्णाबाईचा धाक. आणि इथं डझनभर बांगड्यांचा चुरा झाला होता. मी तर म्हणालो सुटले, असं त्याच्या मनात आलं. सुटले म्हणालो मी. तिसऱ्यांदा तो शब्द मनात आला तेव्हा त्याला तो तिच्या कानांनी ऐकू आला.

त्या भागात मयताचा सांगावा सायकलीवरच येतो. आणणारा उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही आणि त्या घरच्या पाण्याला हात लावत नाही. आणि कुणी मेला असं तो तोंडानं म्हणतही नाही. सुटला म्हणतो. नीळकंठ याच मुलखात जन्मला, वाढला. असे सांगावे आलेले त्यानं लहानपणी स्वतः पाहिले होते. पण पाच दिवस अंगावर नेम चढवून फिरणाऱ्या माणसाला यातलं एक अक्षर वेळेवर आठवलं नाही.

आतून मनकर्णाबाई धावत आली. सुनेचे हात पाहिले आणि तिनं जो टाहो फोडला, त्यानं गल्लीतली दारं एकामागून एक उघडली. बघता बघता अंगण भरलं. शेजारची गोजरबाई, स्वतः बारा वर्षांमागं विधवा झालेली, सगळ्यांत आधी पायरी चढली. तिनं कौशल्याबाईचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि दुसरा हात तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडं नेला.

तेव्हा कुठं नीळकंठला हलता आलं. "नाही, नाही!" त्यानं गोजरबाईचं मनगट धरलं. "जित्ते हायेत भाऊजी! दवाखान्यातून सुटले म्हनलं मी! सुट्टी भेटली! सोमवारी घरी येऊन राह्यले!"

कुणी हललं नाही. सगळे त्याच्याकडं कीव आल्यासारखे पाहत होते.

"असंच म्हनतात बापू," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "माह्या भावानं बी सांगतलं व्हतं, मालकाची तब्येत जरा नरम हाये म्हनून. मी पोचली तवा राख थंडी झाली व्हती."

"गोजरबाई, तुमच्या पाया पडतो. डॉक्टरनं मले सोता सांगतलं. माह्या पोरीची आन घेऊन सांगतो."

"मंग घरात काऊन नाही आला? पानी काऊन नाही घेतलं?"

"नेम हाये आमचा. मशीनसाठी वर्गनी..." तो बोलत गेला आणि आपलंच बोलणं त्याला खोटं वाटायला लागलं. पाण्याचा नेम आणि फोटोचं मशीन यांचा संबंध त्या अंगणात कुणाला लागणार होता? पोतीवरचा गोजरबाईचा हात तसाच होता.

"गोजरे, थांब," मनकर्णाबाई म्हणाली.

तिचं रडणं एकाएकी बंद झालं होतं. ती ओसरीच्या कोनाड्यापाशी गेली. तिथं एक पितळी लोटा वेगळा ठेवलेला होता, गळ्याला लाल दोरा बांधलेला. तो उकंडरावचा. दुखणं कळल्यापासून तो कुणी वापरत नव्हतं. म्हातारीनं तो रांजणात बुडवून भरला आणि नीळकंठसमोर धरला.

"हा माह्या लेकाचा लोटा हाये. तो जित्ता असंल, त यातून पे."

नीळकंठनं लोटा हातात घेतला. त्याच्या काठाला एक पोचा होता. बरोबर त्याच जागी उकंडरावचे ओठ लागत असतील, असं त्याच्या मनात आलं आणि मग ते मनातून जाईना. भांड्याचा विटाळ धरू नका. चोवीस गावांत सांगितलं होतं त्यानं, आणि डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन सांगितलं होतं. ते खरं होतं. ते खरं आहे हे त्याला माहीत होतं. तरी हात छातीच्या वर जाईना. घरातली मुलगी आठवली. दरीत पडणारी संत्री आठवली. आपण किती भेकड आहोत हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तेही अख्ख्या गावासमोर. त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली आणि तरीही हात वर गेला नाही.

तो थांबला, त्याचा अर्थ समोरच्यांनी आपल्या परीनं लावला. मनकर्णाबाईचा चेहरा हळूहळू पडायला लागला. मागं कुणी तरी हुंदका दिला. गोजरबाईनं पोत मुठीत धरली. फक्त कौशल्याबाई त्याच्याकडं पाहत होती, डोळे न मिटता, आणि तिच्या मनगटातून रक्ताची बारीक धार कोपरापर्यंत आली होती.

त्यानं लोटा वर केला आणि प्यायला. घटाघट, डोळे मिटून, सगळा. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. लोटा रिकामा करून त्यानं उलटा धरून दाखवला.

"जित्ता हाये!" मनकर्णाबाई मटकन खाली बसली. "जित्ता हाये वं माय माहा लेक!" बायका एकदम बोलायला लागल्या, कुणी हसायला लागलं, कुणी देवाचं नाव घेतलं. गोजरबाईनं पोत सोडली आणि घाईघाईनं दोन पावलं मागं झाली, आपला हात पदरात लपवून. कुणी हळद आणायला धावलं, कुणी काच वेचायला लागलं. आपल्या हातानं बांगड्या फोडलेल्या सवाष्णीला आता काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हातारीनं सुताला हळकुंड बांधून सुनेच्या मनगटात अडकवलं. कासार येईपर्यंत तेवढंच.

नीळकंठ पायरीवर बहिणीजवळ बसला. आता ती आपल्या गळ्यात पडून रडेल, मग आपणही रडू, असं त्याला वाटत होतं.

"पेला?" कौशल्याबाईनं विचारलं.

"हाव."

"मंग सहा महिने काऊन नाही पेला?"

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तो नेम होता वं अक्का, फेरीचा..."

"नेम पाच दिवसाचा तुहा. मी सहा महिन्याचं इचारून राह्यली."

आत्ताच पिऊन आलो, हे चारदा सांगितलेलं वाक्य नीळकंठला आठवलं, आणि चारही वेळा ती काही न बोलता भरलेला लोटा आत घेऊन गेली होती तेही.

"भाऊजीले नको सांगू," तो कसाबसा म्हणाला. "त्याईले वाईट वाटंल."

"त्याईनंच मले सांगतलं."

"काय?"

"त्याईच्या खिडकीतून घाटाचं वळन दिसते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच नीळकंठला जास्त भीती वाटली. "दर ऐतवारी तू गेल्यावर ते पाहत बसत. तू सायकल थांबवतं, खिशातून संत्रं काहाडतं, फेकतं, हात पुसतं. समदं दिसते. मी म्हनली, मी निळूले बोलतो. त मले म्हनले, बोलू नको. पोरगा भेटाले तरी येते. बोललं त तेबी बंद होईन."

नीळकंठ हातातल्या लोट्याकडं बघत राहिला. पंचवीस-सव्वीस रविवार. आणि दर रविवारी त्या माणसानं अर्धं संत्रं सोलून पुढं केलं होतं, ते कुठं जाणार हे माहीत असून. फेरी निघाली तेव्हा व्हरांड्यात उभं राहून हातही हलवला होता.

गल्लीच्या तोंडाशी घंट्या वाजल्या. दहा सायकली ओळीनं अंगणात आल्या. रमाकांतनं आधी जमलेलं गाव पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. मग नीळकंठच्या हातातला लोटा आणि सदऱ्यावरचं पाणी पाहिलं.

"मास्तर! नेम मोडला?"

"मोडला," नीळकंठ म्हणाला.

रमाकांतनं काचा आणि रक्त पाहिलं. मग हळूच म्हणाला, "गाव जमलंय. दोन शब्द बोलता का?"

नीळकंठ उठला. पहिलं वाक्य त्याला झोपेतही म्हणता आलं असतं. बांधवांनो, रोग्याकडून तोंड फिरवू नका. तोंड उघडलं आणि ते वाक्य आलंच नाही. अंगणातले लोक वाट पाहत होते. मनकर्णाबाई पदरानं नाक पुसत त्याच्याकडं कौतुकानं बघत होती.

"मी या घरचा पाहुणा हाये," तो म्हणाला. "या घरात क्षय हाये म्हनून मी सहा महिने इथलं पानी पेलो नाही. आज पेलो, तेबी तुमी समोर होते म्हनून." एवढं बोलून तो थांबला. कुणी टाळी वाजवली नाही. मनकर्णाबाईचा पदर नाकाशी तसाच राहिला. रमाकांत वर्गणीची पेटी काखेत धरून उभा होता, ती पुढं करायचं त्यालाही सुचेना.

कौशल्याबाई उठली. नीळकंठच्या हातातून तिनं लोटा घेतला, पदराच्या टोकानं पुसला, आणि कोनाड्याकडं न नेता रांजणावर घरातल्या बाकीच्या भांड्यांत ठेवला. मग ती परत पायरीशी आली.

"सोमवारी त्याईले आनाले तूच जा," ती म्हणाली. "यष्टीत त्याईच्या बाजूले बस. आन वळनावर संत्रं दिलं, त त्याईच्या समोर खाजो."